लिथियमच्या खाणकामात पैसा कुठे गुंतवावा? नाशिककर गुंतवणूकदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबड-सातपूरचे लघुउद्योजक, ओझरहून किंवा नोटप्रेसमधून निवृत्त झालेले नोकरदार आणि निफाड-दिंडोरीकडचे काही द्राक्षबागायतदार हा विषय पुन्हा पुन्हा काढतात. त्यांच्या प्रश्नांपैकी जे सतत समोर येतात ते येथे घेतले आहेत. उत्तरांमध्ये कोणत्याही शेअरच्या खरेदी-विक्रीची शिफारस नाही, मात्र लिहिणाऱ्याची मते ठिकठिकाणी आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

प्रश्न : ‘कुठे गुंतवावे’ याचे उत्तर देशाच्या नावात शोधायचे की कंपनीच्या?

दोन्हींच्या आधी खर्चात शोधावे. लिथियम पृथ्वीच्या पाठीवर दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहेत ते असे साठे, ज्यांतून भाव पडलेला असतानाही नफ्यात माल काढता येतो. म्हणून पहिला प्रश्न साठा कोणत्या प्रकारचा आहे आणि त्यातून एक टन माल काढायला किती खर्च येतो हा असावा, दुसरा तेथील कायदा आणि सरकार यांचा, आणि तिसरा कंपनी कोणत्या टप्प्यावर आहे हा. बहुतेक लोक नेमके उलट्या क्रमाने जातात, म्हणजे कोणीतरी सुचवलेल्या कंपनीच्या नावापासून सुरुवात करतात आणि खर्चाच्या आकड्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

प्रश्न : साठ्यांचे प्रकार कोणते आणि गुंतवणूकदाराला त्यांत काय फरक पडतो?

व्यवहारात चार प्रकार लक्षात ठेवावेत. पहिला कठीण खडकाचा. पेग्मटाइट खडकातील स्पोड्युमीन हे खनिज फोडून, दळून आणि वेगळे करून साधारण ६ टक्के लिथियम ऑक्साइड असलेले कॉन्सन्ट्रेट तयार केले जाते, आणि असे सुमारे ८ टन कॉन्सन्ट्रेट शुद्धीकरण कारखान्यात गेल्यावर १ टन लिथियम कार्बोनेट मिळते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रीनबुशेस, पिलगांगूरा, वोडजिना या खाणी या प्रकारातल्या आहेत. खाण सुरू करायला तुलनेने कमी वेळ लागतो, पण दर टनामागचा खर्च जास्त असतो.

दुसरा प्रकार खाऱ्या भूजलाचा. चिलीतील आताकामा क्षारपटाखालचे पाणी पंपाने वर काढून उथळ तलावांत वर्ष-दीड वर्ष उन्हाने आटवले जाते. इंधनाचे काम सूर्य करतो, त्यामुळे चालू खर्च कमी येतो. मात्र उभारणीला अनेक वर्षे लागतात आणि पाण्यातल्या लिथियमपैकी बराच भाग हाती लागत नाही. तलावांऐवजी विशिष्ट शोषक पदार्थ वापरून थेट लिथियम वेगळे करण्याचे तंत्र आता पुढे येत आहे. ते रासायनिकदृष्ट्या चालते याबद्दल वाद नाही, पण प्रत्येक ठिकाणचे पाणी वेगळे असल्यामुळे एका ठिकाणचे यश दुसरीकडे जसेच्या तसे लागू होत नाही.

तिसरा प्रकार मातीतल्या लिथियमचा, ज्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील नेवाडा राज्यातला थॅकर पास प्रकल्प आहे. चौथा चीनमधील यीचुन भागातल्या लेपिडोलाइट या खनिजाचा, ज्यात लिथियमचे प्रमाण कमी आणि खर्च जास्त असतो. भाव पडले की पहिली झळ बहुधा या महागड्या टनांना बसते आणि भाव वाढले की तेच पुन्हा बाजारात उतरतात, त्यामुळे यीचुनमध्ये काय चालले आहे यावर साऱ्या जगाची नजर असते. ऑगस्ट २०२५ मध्ये परवान्याची मुदत संपल्याने सीएटीएल या बॅटरी कंपनीची तेथील खाण थांबली, आणि तेवढ्या बातमीवर ऑस्ट्रेलियातील खाण कंपन्यांचे शेअर उसळले.

प्रश्न : जगातला सर्वांत मोठा साठा ज्या देशात, तेथेच पैसा लावणे शहाणपणाचे नाही का?

नाही. बोलिव्हियाचे उदाहरण पुरेसे आहे. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार त्या देशात सुमारे २ कोटी ३० लाख टन लिथियम आहे, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी एक. तरीही तेथील उत्पादन नगण्य राहिले आहे. उयुनी क्षारपटाच्या पाण्यात मॅग्नेशियमचे प्रमाण आताकामाच्या तुलनेत बरेच जास्त असल्याने शुद्धीकरण अवघड जाते, पावसाळ्यात क्षारपट पाण्याखाली जात असल्याने बाष्पीभवन मंदावते, समुद्रकिनारा नाही, आणि परदेशी कंपन्यांशी झालेले करार राजकारणात अडकतात. उलट ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये सुमारे ८८ हजार टन लिथियम काढले आणि जगात पहिला क्रमांक राखला.

प्रश्न : कंपन्यांच्या निवेदनांतले साठ्याचे आकडे कसे वाचावेत?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखादी कंपनी १० कोटी टन खनिज आणि १.२ टक्के लिथियम ऑक्साइड असे जाहीर करते. यातील १० कोटी टन हा खडकाचा आकडा आहे, लिथियमचा नव्हे. त्यात लिथियम ऑक्साइड १२ लाख टन. त्याचे कार्बोनेटमध्ये रूपांतर करायचे तर २.४७ ने गुणावे, म्हणजे साधारण २९ लाख ६० हजार टन. पण खडकातले सगळे हाती येत नाही. खनिज वेगळे करताना हाती येणारे प्रमाण ६५ टक्के धरले तर उरले सुमारे १९ लाख टन, आणि पुढे शुद्धीकरणातली घट वेगळीच. कागद-पेन्सिल घेऊन हे गणित जो स्वतः करत नाही त्याने अशा शेअरच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट खात्रीच्या पातळीची. ऑस्ट्रेलियातील जॉर्क नियमावलीनुसार साठा अनुमानित, सूचित आणि मोजलेला अशा चढत्या श्रेणीने सांगितला जातो, आणि खर्च, भाव, परवाने यांचा हिशेब करून जो भाग काढणे परवडेल त्यालाच राखीव साठा म्हणता येते. कॅनडात यासाठी वेगळी पण याच धर्तीची नियमावली आहे. मथळ्यात मोठा आकडा अनुमानित साठ्याचा असेल आणि राखीव साठ्याचा उल्लेखच नसेल, तर कंपनीने अजून फक्त भोके पाडली आहेत असे समजावे.

प्रश्न : जम्मू-काश्मीरमधील रियासीच्या साठ्याचे काय झाले? भारतातच गुंतवणूक करता येणार नाही का?

फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने रियासी जिल्ह्यातील सलाल-हैमाना भागात ५९ लाख टनांचा अनुमानित साठा जाहीर केला आणि वर्तमानपत्रांनी ‘पांढरे सोने’ म्हणून मथळे सजवले. त्या बातमीत ‘जी-३’ असे दोन अक्षरांचे एक शेपूट होते, त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. जी-४ म्हणजे टेहळणी, जी-३ म्हणजे प्राथमिक शोध, जी-२ म्हणजे सर्वसाधारण तपासणी आणि जी-१ म्हणजे सविस्तर तपासणी. म्हणजे रियासीचा आकडा शिडीच्या खालून दुसऱ्या पायरीवरचा होता.

त्याच वर्षी खाण कायद्यात दुरुस्ती होऊन लिथियम अणुखनिजांच्या यादीतून बाहेर आले आणि खासगी कंपन्यांना दार उघडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये निघालेल्या पहिल्या लिलावात रियासीचा पट्टा लिथियम, टायटॅनियम आणि बॉक्साइट यांचा म्हणून मांडला गेला, पण पात्र बोलीदार तीनही न मिळाल्याने मार्च २०२४ मध्ये लिलाव रद्द झाला. पुन्हा प्रयत्न झाला, तोही फसला. कारणे शोधायला दूर जावे लागत नाही : लिथियम मातीसदृश खडकात आहे आणि अशा खडकातून ते मोठ्या प्रमाणावर परवडेल अशा खर्चात काढण्याचे तंत्र अजून पुरते सिद्ध व्हायचे आहे, जागा भूकंपप्रवण हिमालयात आहे, आणि शोध इतक्या कच्च्या टप्प्यावर असताना बोली किती लावावी हे कोणत्याही कंपनीला ठरवता येत नाही. मोठ्या कंपन्या ज्या कामाला हात लावायला कचरल्या, त्याच्या नावाने शेअर सुचवणारा कोणी भेटला तर त्याला जी-३ चा अर्थ विचारावा.

छत्तीसगडमधील कोरबा जिल्ह्यातल्या कटघोरा पट्ट्याचा लिलाव मात्र २०२४ मध्ये यशस्वी झाला, ७६.०५ टक्के अधिमूल्याच्या (खनिजाच्या किमतीतून सरकारला द्यायच्या वाट्याच्या) बोलीवर. सर्वसामान्य गुंतवणूकदाराला त्यात थेट शिरकाव नाही. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातला साठा १,६०० टनांचा, म्हणजे जागतिक मापाने चिमूटभर.

प्रश्न : मग भारतीय शेअर बाजारात लिथियमच्या खाणीचा शेअर आहेच कुठे?

ज्याची मुख्य कमाई लिथियमच्या खाणीतून होते असा सूचिबद्ध शेअर भारतात नाही. नाल्को आणि हिंदुस्थान कॉपर यांची नावे घेतली जातात, कारण त्यांनी खनिज अन्वेषण महामंडळासह ‘काबिल’ ही संयुक्त कंपनी २०१९ मध्ये स्थापन केली आणि या कंपनीने १५ जानेवारी २०२४ रोजी अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतात पाच पट्ट्यांसाठी, एकूण १५,७०३ हेक्टर क्षेत्राचा, करार केला. तो शोधाचा करार आहे. नाल्कोचा शेअर ॲल्युमिनियमच्या भावावर हलतो आणि हिंदुस्थान कॉपरचा तांब्याच्या. अमर राजा, एक्साइड यांसारख्या कंपन्या बॅटरीचे सेल बनवण्याच्या मागे आहेत, म्हणजे त्या लिथियमच्या ग्राहक आहेत, विक्रेत्या नव्हेत. लिथियम महागले की त्यांचा खर्च वाढतो. हा उलटा संबंध ध्यानात न घेता ‘लिथियम थीम’ म्हणून हे शेअर घेणारे पुष्कळ आहेत.

प्रश्न : भाव इतके कोसळले कसे? पुन्हा तसेच होईल का?

चीनमध्ये बॅटरीसाठीच्या लिथियम कार्बोनेटचा भाव नोव्हेंबर २०२२ मध्ये टनामागे ६ लाख युआनच्या घरात गेला होता. २०२५ च्या मध्यावर तो ६० हजारांच्या आसपास होता. एवढ्या काळात विजेच्या गाड्यांची विक्री वाढतच होती, तरी भाव एक-दशांशावर आला. लासलगावचा बाजार पाहिलेल्या माणसाला हे नवीन नाही : कांद्याला चांगला भाव मिळाला की पुढच्या हंगामात सगळेच कांदा लावतात, आणि माल एकदम बाजारात आला की खाणाऱ्यांची संख्या वाढूनही भाव पडतो. फरक एवढाच की कांद्याचे पीक काही महिन्यांत बदलता येते, तर खाण उभारायला अनेक वर्षे आणि हजारो कोटी लागतात. त्यामुळे तेजीत घेतलेले निर्णय ऐन मंदीत माल ओतायला लागतात आणि मंदी लांबते.

याच मंदीत ऑस्ट्रेलियातील फिनिस खाणीचे काम जानेवारी २०२४ मध्ये थांबले, बाल्ड हिल वर्षअखेरीस बंद ठेवली गेली आणि पिलगांगूरातील एक प्रक्रिया प्रकल्पही थांबवला गेला. ग्रीनबुशेस चालू राहिली, कारण तेथील खनिजाची प्रत दुप्पटीच्या जवळपास चांगली आहे. पुन्हा असे होईल का, या प्रश्नाचे उत्तर होय असेच धरून चालावे. तेजीच्या मथळ्यांनंतर घेतलेला शेअर आणि मंदीत खाणी बंद पडू लागल्यावर घेतलेला शेअर, या दोन वेगळ्या गुंतवणुका आहेत, जरी कंपनी एकच असली तरी.

प्रश्न : देशांची तुलना करायची झाल्यास आपण कोणाला वरचा क्रमांक द्याल?

नियमांच्या स्थैर्यासाठी ऑस्ट्रेलियाला. पश्चिम ऑस्ट्रेलियात स्पोड्युमीन कॉन्सन्ट्रेटवर ५ टक्के रॉयल्टी आहे, नियम लेखी आहेत आणि कंपन्यांना दर तिमाहीला उत्पादन-खर्चाचा तपशील द्यावा लागतो. कमतरता शुद्धीकरणाची आहे. कॉन्सन्ट्रेटचा मोठा भाग चीनमध्येच जातो, आणि शुद्धीकरणाचे कारखाने ऑस्ट्रेलियातच उभारण्याचे, क्विनाना येथे झाले तसे, प्रयोग अपेक्षेइतके यशस्वी झालेले नाहीत.

चिलीचा साठा उत्कृष्ट, पण मालक सरकार आहे. १९७९ पासून तेथे लिथियमसाठी सामान्य खाणपट्टा मिळत नाही. एसक्यूएम आणि अल्बमार्ल या कंपन्या सरकारी संस्थेशी केलेल्या करारावर काम करतात. करारातली रॉयल्टी भावाप्रमाणे चढत जाते आणि टनामागे १० हजार डॉलरच्या वरच्या रकमेवर ४० टक्क्यांपर्यंत पोहोचते. म्हणजे तेजीची मलई सरकार खाते. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बोरिक यांनी सरकारी बहुमताचे धोरण जाहीर केले तेव्हा एसक्यूएमचा शेअर जोरात पडला. पुढे सरकारी कोडेल्को कंपनीशी २०६० पर्यंतच्या भागीदारीचा तोडगा निघाला, ज्यात निर्णायक हिस्सा कोडेल्कोचा आहे. आमच्या मते ही वाईट तडजोड नाही. नफ्याचा वाटा कमी झाला तरी तो किती हे आता ठाऊक आहे.

अर्जेंटिनात खनिज प्रांतांच्या मालकीचे असते आणि २०२४ मधील मोठ्या गुंतवणुकीच्या प्रोत्साहन कायद्याने २० कोटी डॉलरपेक्षा मोठ्या प्रकल्पांना ३० वर्षे कर-नियम न बदलण्याची हमी दिली आहे. रिओ टिंटो या बड्या खाण कंपनीने मार्च २०२५ मध्ये आर्केडियम लिथियम ही कंपनी ६.७ अब्ज डॉलरला घेतली त्यामागे अर्जेंटिनातले क्षारपट हे मोठे कारण होते. तीस वर्षांच्या हमीचे खरे मोल पुढचे सरकार आल्यावरच कळते, हे त्या देशाचा इतिहास पाहता सांगावे लागते.

आफ्रिकेत खनिजाची प्रत चांगली आणि धोकाही तितकाच मोठा. झिंबाब्वेने डिसेंबर २०२२ मध्ये कच्च्या खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली. मालीच्या नव्या खाण कायद्यात सरकार आणि स्थानिक भागीदार यांचा हिस्सा ३५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. काँगोमधील मानोनो साठ्यावरून मालकीचा वाद झाला, तेव्हा एव्हीझेड मिनरल्सच्या शेअरचे व्यवहार मे २०२२ मध्ये थांबले आणि दोन वर्षांनी कंपनी ऑस्ट्रेलियन बाजाराच्या यादीतून काढली गेली. साठा जागच्या जागी आहे, भागधारक मात्र हात चोळत बसले.

लोकशाही देशातही सगळे सुरळीत असते असे नाही. सर्बियातील रिओ टिंटोच्या यादार प्रकल्पाचे परवाने लोकांच्या आंदोलनानंतर जानेवारी २०२२ मध्ये रद्द झाले, जुलै २०२४ मध्ये न्यायालयीन निकालानंतर पुन्हा मिळाले, आणि २०२५ च्या अखेरीस रिओ टिंटोने स्वतःच काम बासनात बांधले. अमेरिकेतील थॅकर पासला सरकारी कर्ज आहे, जनरल मोटर्सची भागीदारी आहे, आणि २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने स्वतः ५ टक्के हिस्सा घेतला. पाठबळ भक्कम, पण मातीतून लिथियम काढण्याचे तंत्र तेथेच पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर कसाला लागणार आहे.

प्रश्न : पाण्याचा प्रश्न खरोखर इतका गंभीर आहे का?

धरणाचे पाणी कोणाला सोडायचे यावरून काय होते हे नाशिककरांना सांगायला नको. आताकामा जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी आहे आणि तेथील मूळनिवासी गावांचा आक्षेप नेमका पाणी उपसण्यावर आहे. गुंतवणूकदाराने हा विषय दयाबुद्धीने नव्हे तर हिशेबाने पाहावा, कारण परवाना अडकला की खर्चाची सगळी गणिते पुढे ढकलली जातात.

प्रश्न : शोध घेणारी छोटी कंपनी घ्यावी की उत्पादन करणारी मोठी?

शोध घेणाऱ्या कंपनीकडे उत्पन्न नसते. ती नवे शेअर विकून दिवस काढते आणि जुन्या भागधारकाचा हिस्सा पातळ होत जातो. अशा कंपनीचे ताळेबंद पाहताना हातात रोख किती, तिमाहीचा खर्च किती, आणि त्या हिशेबाने पैसा किती महिने पुरेल एवढे तीनच आकडे आधी काढावेत. उत्पादन करणाऱ्या कंपनीत टनामागचा खर्च, कर्ज आणि खाणीचे उरलेले आयुष्य पाहावे. एक खाचखळगा येथे सांगायलाच हवा : उत्तम खाण थेट विकत घेता येतेच असे नाही. ग्रीनबुशेसची मालकी अल्बमार्ल, तियानची आणि आयजीओ यांच्यात विभागलेली आहे, त्यामुळे त्या खाणीसाठी शेअर घेणाऱ्याच्या पदरात त्या कंपन्यांचे बाकीचे बरे-वाईट धंदेही पडतात.

प्रश्न : माझा अंबडला वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. मी लिथियममध्ये पैसा लावावा का?

महिंद्राच्या नाशिक-इगतपुरीतील कारखान्यांना किंवा बॉशसारख्या कंपन्यांना माल देणारे अनेक जण हा प्रश्न विचारतात, आणि हेतू असा असतो की विजेच्या गाड्या वाढल्या आणि इंजिनाच्या भागांची मागणी घटली तर दुसऱ्या बाजूने कमाई व्हावी. विचार वरवर बरोबर वाटतो. अडचण अशी की विजेच्या गाड्यांची संख्या आणि लिथियमचा भाव हे हातात हात घालून चालत नाहीत, हे वरच्या आकड्यांत दिसलेच आहे. गाड्या वाढून आपले काम कमी झाले आणि त्याच वर्षी लिथियमही पडले, असे होऊ शकते. त्यापेक्षा तोच पैसा बॅटरीच्या कव्हरचे, बसबारचे किंवा थंड ठेवण्याच्या प्लेटचे काम मिळवण्यासाठी मशिनवर खर्च करणे अधिक भरवशाचे, कारण तेथे कमाई गाड्यांच्या संख्येवर ठरते.

प्रश्न : सोडियमची बॅटरी आल्यावर लिथियमचे काय?

सोडियम-आयन बॅटरीत लिथियम लागत नाही, पण वजनाच्या मानाने तिच्यात वीज कमी साठते. वीज साठवणुकीच्या स्थिर प्रकल्पांत आणि स्वस्त छोट्या गाड्यांत ती शिरेल. लिथियम फार महाग झाले की तिला वाव मिळतो, म्हणून तिच्याकडे लिथियमच्या भावावरचे झाकण म्हणून पाहावे.

प्रश्न : नाशिकमध्ये बसून परदेशी शेअर किंवा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड) घेण्याची रीत काय?

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाख रुपयांपेक्षा जास्त पाठवल्यास वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापते. तो अंतिम करात वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. उसनवारीवर, म्हणजे मार्जिनवर, परदेशी शेअर घेण्यास या योजनेत परवानगी नाही.

अमेरिकेत लिथियमच्या नावाने चालणारे ईटीएफ आहेत. त्यांतल्या जुन्या आणि मोठ्या फंडात खाण कंपन्यांबरोबर बॅटरी व वाहन कंपन्याही असतात, त्यामुळे खाणीवर पैसा लावतो आहोत असे वाटत असताना निम्मा पैसा खाणीच्या ग्राहकावर लागतो. घेण्यापूर्वी फंडाच्या पहिल्या दहा कंपन्यांची यादी वाचावी. वाचायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

प्रश्न : यात एकूण बचतीचा किती भाग ठेवावा?

जो भाग एक-दशांशावर आला तरी मुलीचे शिक्षण, घराचा हप्ता आणि दवाखान्याचा खर्च यांना धक्का लागणार नाही, तेवढाच. निवृत्त वाचकांना आमचे उत्तर बहुधा ‘शून्य’ असते.

प्रश्न : लिथियम खाणीत दरमहा ठरावीक परतावा देणारी योजना टेलिग्रामवर आली आहे. खरी असेल का?

नाही. ज्या मालाचा भाव तीन वर्षांत दहापट खाली येतो त्यावर दरमहा ठरावीक परतावा कोणी देऊ शकत नाही. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासावा, ठेवी गोळा करणाऱ्यांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर करावी, आणि पैसे गेलेच असतील तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे विनाविलंब जावे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, पण रक्कम परत मिळण्याची वाट लांबची असते.

प्रश्न : कर आणि वारसा यांबाबत काय पाहावे?

परदेशी शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के दराने कर लागतो, त्याआधी विकल्यास आपल्या नेहमीच्या टप्प्यानुसार. अमेरिकी कंपनीच्या लाभांशावर तेथे २५ टक्के कापले जातात आणि त्याची वजावट येथे मागता येते. विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेचा तक्ता एकच शेअर असला तरी भरावा लागतो. तो राहून गेल्यास नोटीस येऊ शकते. आणखी एक बाब सल्लागार क्वचितच सांगतात : अमेरिकेत नोंदलेली मालमत्ता ६० हजार डॉलरपेक्षा जास्त असताना परदेशी गुंतवणूकदाराचा मृत्यू झाला, तर तेथील वारसा कर लागू होतो. अशा वेळी कुटुंबाला खात्याचा ठावठिकाणा तरी माहीत असावा, म्हणून खाते क्रमांक, दलालाचे नाव आणि नामनिर्देशन यांची नोंद घरच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवावी.